तळपाय शेवटचे कधी बघितले होते?

(या भागात सोलापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बोलल्या आहेत. हे त्यांच्या बोलण्याचं लिखित रूप. बोलीतले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आज मुलाखत वगैरे काही नाही, मी एकटीच बोलणार आहे. तुम्ही हे ऐकत असाल तेव्हा बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासत असाल. चालू द्या तुमचं. फक्त घरी गेल्यावर एक काम करायचं. पाय धुवून, पुसून, उजेडात बसायचं आणि दोन्ही तळपाय बघायचे. मग आईचे बघायचे, आजीचे बघायचे. का, ते सांगते.

२०१० ची दिवाळी. मी तेव्हा इंटर्न होते. एमबीबीएसची परीक्षा पास झालेले, नावापुढे डॉक्टर लागायच्या बेतात, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की हिला सगळं कळतं. बार्शी तालुक्यात मामाच्या गावी गेलो होतो. मामा शेतकरी. वय चौपन्न. जन्मभर अनवाणी नाहीतर टायरच्या चपलेत. भाऊबीजेच्या दिवशी ओसरीवर बसून त्यांनी पाय पुढे केला. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बघा बरं जरा. काटा मोडला असंल आत. काळं पडलंय, पण दुखत न्हाई."

टाचेच्या कडेला काळपट डाग होता. एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा लहान. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला जास्त काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी. मी दहा सेकंद बघितला. अंगठ्याने दाबला. म्हणाले, "मामा, कुरूप दिसतंय. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणा, चार-सहा वेळा लावा, निघून जाईल."

त्यांनी लावली. चार-सहा वेळा नाही, सात महिने लावली. भाचीने सांगितलं होतं ना. मधे एकदा ब्लेडने तासलंही. जूनमध्ये फोन आला की पायातून रक्त येतंय आणि जांघेत अवधान आलंय. तेव्हा तुकडा काढून तपासला. मेलॅनोमा. त्वचेच्या कर्करोगाच्या सगळ्यात आक्रमक प्रकारांपैकी एक. जांघेतल्या गाठीत पोचलेला होता, पुढे फुप्फुसातही दिसला. टाचेचं ऑपरेशन झालं, गाठी काढल्या, केमो झाली. २०१२ च्या उन्हाळ्यात मामा गेले.

मी त्वचारोग हा विषय घेतला तो या नंतर. हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. मामांना जे झालं त्यातल्या बऱ्याच गोष्टी आज वेगळ्या होऊ शकतात. पण एक गोष्ट अजून तशीच आहे: आपण बघत नाही. आणि बघितलं तरी "काही नसेल" म्हणतो. डॉक्टरसुद्धा म्हणतात. मी म्हटलं होतं.

आपल्याला कुठे होतो त्वचेचा कॅन्सर?

नेटवर त्वचेचा कर्करोग शोधलात तर गोऱ्या माणसाच्या पाठीवरचा तीळ दिसतो आणि खाली सनस्क्रीनची जाहिरात. ते चूक नाही. गोऱ्या कातडीत उन्हाचा वाटा मोठा असतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, ते उन्हापासून बरंच वाचवतं. म्हणून आपल्याकडे त्वचेचे कर्करोग एकूण कमी आहेत. इथपर्यंत चांगली बातमी.

वाईट बातमी अशी की जो मेलॅनोमा होतो, तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. याला अॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. जिथे ऊन फारसं लागतच नाही अशा जागा. त्यामुळे सनस्क्रीनचा इथे फारसा संबंध नाही. बॉब मार्ली माहितीये ना? रेगे गाणारा. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कर्करोग सापडला. आधी ती फुटबॉल खेळतानाची दुखापत वाटत होती. १९८१ मध्ये तो गेला, वय अवघं ३६. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसांपैकी एक, आणि त्याच्या बाबतीतही आधी "लागलंय काहीतरी" असंच वाटलं.

दुसरा प्रकार ऐका, हा तर अगदी आपल्या घरातला आहे. साडीचा कॅन्सर. हसू नका, डॉक्टरी पुस्तकांत हे नाव आहे. परकराची नाडी वर्षानुवर्षं त्याच जागी करकचून बांधली जाते. कंबरेवर काळा पट्टा पडतो, कातडी घासून सोलते, जखम होते, भरते, परत होते. अशी वर्षानुवर्षं न भरणारी जखम कधीकधी कर्करोगात बदलते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यातल्या एक आजी चाळीस वर्षं रोज लुगडं नेसायच्या, आत परकर नाही, कासोटा घट्ट. त्यांचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

असंच जुन्या भाजलेल्या जखमेच्या वणावर होतं. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरून बसतात, तिथल्या कातडीवर होतं. म्हणजे नियम सोपा आहे: जी जखम भरत नाही, किंवा भरून परत परत फुटते, ती दाखवायची. किती दिवस वाट बघायची? महिना. त्यापुढे नाही.

आता डॉक्टर काय बघतात?

मामांच्या टाचेकडे मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं होतं. आज माझ्या खिशात डर्मोस्कोप असतो. छोटं यंत्र आहे, भिंग आणि त्याला विशिष्ट प्रकारचा प्रकाश. साधारण दहापट मोठं दिसतं आणि कातडीवरची चकाकी निघून गेल्यामुळे आतल्या थरातला रंग दिसतो. मोबाइलला जोडून फोटोही काढता येतो.

तळपायावर याची गंमत आहे. तुमच्या तळव्यावर बारीक रेषा असतात, बोटांच्या ठशांसारख्या. शेतातले लोक असतील तर लगेच कळेल: सरी आणि वरंबा. साधा तीळ असेल तर रंग सहसा सरीत असतो, म्हणजे खोलगट रेषेत. मेलॅनोमा असेल तर रंग वरंब्यावर पसरतो, उंचवट्यावर. हा फरक जपानी डॉक्टरांनी दाखवून दिला आणि आज जगभर वापरला जातो. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा वर्गात बसल्या बसल्या मामांची टाच डोळ्यांसमोर आली. त्यांना सरी-वरंबा समजावून सांगायला लागलं नसतं.

अर्थात डर्मोस्कोप फक्त संशय सांगतो. पक्कं निदान बायॉप्सीनेच. म्हणजे जागा बधिर करून डाग किंवा त्याचा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. इथे माझं रोज भांडण होतं. "मॅडम, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात." नाही पसरत. बायॉप्सीमुळे मेलॅनोमा पसरत नाही. पसरतो तो सात महिने कॉर्न कॅप लावत बसल्याने.

आणि बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये एक आकडा येतो, तो फार महत्त्वाचा: मेलॅनोमाची जाडी, मिलिमीटरमध्ये. वरून किती खोल गेलाय ते. रुंदीपेक्षा ही खोली जास्त सांगते. १ मिलिमीटरच्या आत असताना काढला तर बहुतेक जण बरे होतात, नुसत्या ऑपरेशनने. ४ मिलिमीटरच्या पुढे गेला की गोष्ट बदलते. कर्करोगाचं पुढचं सगळं या दोन-तीन मिलिमीटरवर ठरतं. म्हणून "लवकर दाखवा" हे मी सुविचार म्हणून सांगत नाहीये.

ॲपवर फोटो टाकला तर?

हा प्रश्न तुमच्या वयाची मुलं हमखास विचारतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एका संगणक प्रणालीला त्वचेचे जवळपास १ लाख ३० हजार फोटो दाखवून शिकवलं. मग २१ त्वचारोगतज्ज्ञांशी तिची तुलना केली. ती त्यांच्या बरोबरीने निघाली. सगळीकडे बातम्या झाल्या.

पण नंतर दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, मोजपट्टीची. डॉक्टरला ज्या डागाचा संशय येतो त्याच्या शेजारी तो मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. मग मशीन काय शिकलं? फोटोत पट्टी दिसली की कॅन्सर असण्याची शक्यता जास्त. बिचाऱ्याने डागाऐवजी पट्टी पाठ केली. दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. शिकवायला वापरलेले फोटो बहुतांश गोऱ्या कातडीचे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेचे, बायॉप्सीने पक्के झालेले फोटो घेऊन अशा प्रणाली तपासल्या. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली.

म्हणजे तंत्रज्ञान वाईट आहे का? नाही. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेत साध्या फॅमिली डॉक्टरांनी वापरायचं एक हातातलं यंत्र मंजूर झालं, ते प्रकाश टाकून डाग तपासतं. पण मंजुरी देतानाच तिथल्या यंत्रणेने कंपनीला सांगितलं, वेगवेगळ्या रंगांच्या लोकांवर आणखी अभ्यास करा. ही चांगली सुरुवात आहे. आपल्या रंगाचे फोटो जसजसे वाढतील तशी मशीनही सुधारतील. तोवर ॲपने "धोका कमी" असं हिरव्या अक्षरात लिहिलं म्हणून घरी बसू नका.

मग फोन कशाला वापरायचा? वही म्हणून. डागाचा फोटो दिवसाउजेडी काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. महिन्याने त्याच जागी, तसाच परत काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. वाढलाय? कडा बदलल्यात? रंग दोन-तीन झालेत? मग डॉक्टरला दोन्ही फोटो दाखवा. आमच्यासाठी ते सोन्यासारखं असतं. "कधीपासून आहे?" विचारलं की "झाले असतील काही दिवस" एवढंच उत्तर मिळतं. फोटोवर तारीख असते.

औषधं कुठवर आली?

मामा आजारी पडले त्याच वर्षी, २०११ मध्ये, जगात दोन नवी औषधं मंजूर झाली. तोपर्यंत शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरही काढत नसत. केमोचा उपयोग थोडाच व्हायचा.

पहिलं औषध इपिलिमुमॅब. हे कर्करोगावर थेट हल्ला करत नाही. आपल्या प्रतिकारशक्तीला एक ब्रेक असतो, म्हणजे तिने उगाच स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून. हे औषध तो ब्रेक काढतं. मग आपल्याच पेशी कर्करोगाच्या मागे लागतात. २०१४ मध्ये दुसऱ्या एका ब्रेकवरची औषधं आली, निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब. हे ब्रेक शोधणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०११ मधलं दुसरं औषध गोळी होती. ज्यांच्या गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकात ठरावीक बिघाड असतो, त्यांच्यावर ती चालते.

आता आकडा ऐका. पुढे गेलेल्या मेलॅनोमात इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये छापून आला. दहा वर्षांनी ४३ टक्के लोक जिवंत होते. जिथे आधी महिने मोजायचे, तिथे दहा वर्षं.

पण अर्धवट सांगितलं तर तुमची फसवणूक होईल. एक, आपल्याकडचा तळपायाचा मेलॅनोमा या औषधांना उन्हाच्या मेलॅनोमाइतकी दाद देत नाही, आणि त्या गोळीला लागणारा जनुकातला बिघाडही त्यात कमी वेळा सापडतो. दोन, ब्रेक काढल्यावर प्रतिकारशक्ती कधीकधी आतडी, यकृत, थायरॉइडवरही धावून जाते. तीन, खर्च. हिशेब लाखांत जातो. खर्चावर आपल्याकडे काम चाललंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबचा नेहमीपेक्षा खूपच कमी डोस, २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त औषधांसोबत देऊन बघितला. एका वर्षाने जिवंत असलेल्या रुग्णांचं प्रमाण साधारण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तो वेगळा कर्करोग आहे, इथे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण आपल्याला परवडेल असा डोस आपणच शोधायचा, ही दिशा मला पटते.

तरीही, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी इलाज अजूनही तोच आहे: पातळ असताना काढून टाकणे.

आणि बाकीची कातडी?

माझ्या ओपीडीत कर्करोग क्वचित येतो. रोज येतो तो नायटा, गजकर्ण. आणि नव्वद टक्के वेळा सोबत एक ट्यूब येते, मेडिकलवाल्याने दिलेली. त्यात बुरशीचं औषध असतं, अँटिबायोटिक असतं आणि स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते. तुम्ही खूश. पण त्याने त्या जागची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत निवांत पसरते. मांडीवर पांढऱ्या भेगा पडतात, त्या जन्मभर राहतात. हीच ट्यूब गोरं व्हायला चेहऱ्यावर लावली की कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतात. २०१८ पासून अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता आपल्या भागात बुरशीची अशी एक जात पसरली आहे जी टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला बऱ्याचदा जुमानत नाही. २०२० मध्ये तिला नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडिया. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते. तेव्हा टॉवेल वेगळा, कपडे रोज धुतलेले, आणि औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे. खाज थांबली म्हणून बंद करायचं नाही.

कोडाबद्दल एक चांगली बातमी. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाचं मलम कोडासाठी मंजूर झालं, बारा वर्षांपुढच्यांना. अभ्यासात साधारण ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा रंग २४ आठवड्यांत तीन चतुर्थांश तरी परत आला. जादू नाही, पण "यावर औषधच नाही" म्हणायचे दिवस गेले. कोड संसर्गाने होत नाही, हे मात्र औषध नसतानाही खरंच होतं.

आणि फिकट चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कोड नसून कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका, लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर तो पूर्ण बरा होतो.

घरी गेल्यावर

मागच्या वर्षी एक मुलगा आईला घेऊन आला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. थंडीत आईच्या टाचांना भेगा पडल्या म्हणून मलम लावून देत होता, तेव्हा अंगठ्याखाली डाग दिसला. फोटो काढला, पाच आठवड्यांनी परत काढला, दोन्ही घेऊन आला. आई रागावलेली, "एवढ्याशा डागासाठी दुकान बंद ठेवलं यानं." डर्मोस्कोपमध्ये रंग वरंब्यावर होता. बायॉप्सी केली. मेलॅनोमाच, पण फक्त वरच्या थरातला, खाली उतरलेला नव्हता. काढला, वर कातडी लावली. केमो नाही, काही नाही. आता फॉलोअपला येतात आणि मुलाचं लग्न जमत नाही म्हणून माझ्याकडेच तक्रार करतात.

तर महिन्यातून एकदा, दोन मिनिटं. तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, तळहात, तोंडाच्या आत, कंबरेवर नाडी बांधायची जागा. नखांवर काळ्या उभ्या रेघा आपल्या लोकांत सर्रास असतात, बऱ्याच नखांना असतील तर सहसा चिंता नाही. एकाच नखाला असेल, रुंद होत असेल, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर दाखवा. ठेच लागून रक्त साकळलं असेल तर ते नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत जातं. सरकत नसेल तर दाखवा. आजीच्या कंबरेवर काळा पट्टा असेल तर नाडी सैल करायला सांगा, रुंद पट्ट्याचा परकर शिवून द्या.

आणि घरात कुणी डॉक्टर असेल, शिकत असेल, तर त्यालाही सांगा: माहीत नसेल तर "माहीत नाही, दाखवून घेऊया" म्हण. मला ओसरीवर तेवढं एक वाक्य म्हणता आलं असतं. मामांनी तेही ऐकलं असतं, ते माझं सगळंच ऐकायचे.

चला, थांबते. तळपाय बघा. काळजी घ्या.